हात पोचेल तिथवर

ग्रंथालयातली मांडणी किती उंच असावी, या प्रश्नाचे उत्तर एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच देऊन ठेवले आहे: साध्या जमिनीवर उभ्या असलेल्या बेताच्या उंचीच्या माणसाचा हात पोचेल तेवढी. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकात हा मुद्दा पुस्तके वापरासाठी असतात, या पहिल्याच सूत्राच्या ओघात येतो. वरच्या फळीसाठी शिडी आणावी लागत असेल किंवा शिपायाला हाक मारावी लागत असेल, तर तिथले पुस्तक वाचकापुरते अर्धे हरवल्यासारखेच असते. मोजमाप साधे आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत जगभर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाहताना याहून उपयोगी मोजपट्टी सापडत नाही. या काळात ग्रंथालय हा वास्तुरचनाकारांचा आवडता विषय झाला आणि शहरे आपली ओळख ग्रंथालयाच्या इमारतीतून सांगू लागली. त्या इमारतींवर भरपूर लिहिले गेले, मात्र त्यातले बरेचसे त्यांच्या आकाराबद्दल आहे. माझे म्हणणे असे की ग्रंथालयाच्या रचनेतले नावीन्य एकाच गोष्टीवरून ठरवावे: वाचकाची पोच तिने किती वाढवली. ही पोच हाताची असते, पायाची असते, वेळेची असते आणि घरापासूनच्या अंतराचीही असते. जिथे ती वाढली तिथे साधी इमारतसुद्धा नवी ठरली आणि जिथे ती आक्रसली तिथे डोळे दिपवणारी इमारतही जुन्या कुलूपबंद कपाटांच्या पंगतीला जाऊन बसली.

ही पोच वाचकाला सहजासहजी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक ग्रंथालयांत पुस्तके आत, वाचक बाहेर आणि मध्ये काउंटर अशी विभागणी असे. यादीत शोधायचे, चिठ्ठी लिहून द्यायची आणि वाट पाहायची. पॅरिसमध्ये आँरी लाब्रूस्त यांनी उभारलेले सेंत-झनव्हिएव्ह ग्रंथालय १८५१ मध्ये खुले झाले. सडपातळ लोखंडी खांब आणि कमानी वापरून त्यांनी वाचनकक्ष प्रशस्त व उजेडाचा केला आणि गॅसच्या दिव्यांमुळे तिथे संध्याकाळीही वाचणे शक्य झाले. वेळेची पोच वाढली, हाताची नाही. हाताची पोच ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आली ती १८९४ मध्ये, जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने लंडनच्या क्लार्कनवेल भागात वाचकाने स्वतःच फळीवरून पुस्तक काढण्याची मुक्तद्वार पद्धत सुरू केली तेव्हा. चोरी होईल, पुस्तकांची सरमिसळ होईल, असा ओरडा त्या काळच्या ग्रंथपालांनीच केला. ब्राउन यांनी त्यावर काढलेला तोडगा रचनेचा होता: काउंटर दाराशी आणला आणि आत-बाहेर जाण्याच्या छोट्या फाटकांचा ताबा तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याकडे दिला. वाचकाला मोकळे सोडण्यासाठी आधी टेबलाची जागा बदलावी लागली. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली, त्यांतली १,६८९ अमेरिकेत. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्राम यांनी १९११ मध्ये या ग्रंथालयांसाठी नमुना आराखडे आणि सूचना काढल्या. एका जागी बसलेल्या एकट्या ग्रंथपालाला सगळी इमारत दिसली पाहिजे, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. वाचकावर विश्वास टाकायचा, पण नजरेच्या टप्प्यात ठेवून, असा हा मधला मुक्काम.

याच सुमारास बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी जे केले त्याची नोंद ग्रंथालयांच्या वास्तूवर लिहिताना क्वचितच होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांवर लोखंडी मांडण्या आहेत आणि त्या मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या आहेत. वरचा उजेड मजल्यामजल्यातून झिरपत खाली येतो, त्यामुळे पुस्तकांच्या रांगांमध्ये दिवा लावण्याची गरज कमी पडते आणि आगीची भीतीही घटते. त्याच व्यवस्थेतून लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी जात. काचेची फरशी आणि लाकडी पेटी या दोन्ही गोष्टी एकाच विचारातून निघालेल्या आहेत. ग्रंथालयाचे डिझाइन म्हणजे फक्त इमारत नव्हे, हे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या राज्यकारभारात गृहीत होते.

विसाव्या शतकातल्या दोन इमारतींनी पुढचा रस्ता आखला. स्टॉकहोममध्ये गुन्नार आस्प्लुंड यांनी १९२८ मध्ये गोल दालनाच्या भिंतींवर पुस्तकांची वलये रचून वाचकाला थेट त्यांच्या मधोमध आणून उभे केले. दुसरी इमारत आल्वार आल्तो यांची, व्हीपुरी शहरातली, १९३५ ची. तिच्याजवळ जरा थांबायला हवे. वाचनकक्षाच्या सपाट छतात ५७ गोल झरोके आहेत, प्रत्येकाचा व्यास सुमारे १.८ मीटर. झरोका म्हणजे नुसते भोक नाही, तो खोल शंकू आहे. इतका खोल, की उत्तरेकडच्या त्या तिरप्या उन्हाचा किरण कधीच सरळ टेबलावर पडत नाही. तो शंकूच्या पांढऱ्या आतल्या बाजूवर आपटतो, विखुरतो आणि मग खाली उतरतो. उजेड एकाच वेळी अनेक झरोक्यांतून येत असल्याने वाचणाऱ्याच्या डोक्याची किंवा हाताची गडद सावली पानावर पडत नाही. रात्रीसाठीचे दिवेसुद्धा वाचकाच्या डोळ्यांवर न रोखता भिंतींकडे वळवले होते. व्याख्यान सभागृहाचे लाकडी छत लाटांसारखे वरखाली होते. दिसायला ते देखणे आहेच, पण त्याचे काम आवाज वाहून नेण्याचे: व्यासपीठावरचा वक्ता शेवटच्या रांगेत ऐकू यावा आणि शेवटच्या रांगेतून विचारलेला प्रश्नही सगळ्यांना ऐकू यावा. दुसऱ्या महायुद्धात हे शहर फिनलंडच्या हातून सोव्हिएत संघाकडे गेले, इमारत काही वर्षे बेवारस पडली आणि तिची पूर्ण दुरुस्ती व्हायला २०१३ साल उजाडले. आज ते शहर रशियात आहे आणि इमारत ग्रंथालय म्हणूनच वापरात आहे. वास्तुरचनाकाराचा प्रत्येक निर्णय शेवटी वाचकाच्या डोळ्याशी किंवा कानाशी येऊन थांबतो, अशी उदाहरणे या क्षेत्रात फार नाहीत.

आधुनिक काळातली चर्चा सिअॅटलपासून सुरू करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. रेम कूल्हास आणि जोशुआ प्रिन्स-रामुस यांच्या ओएमए या संस्थेने केलेले तिथले मध्यवर्ती ग्रंथालय मे २००४ मध्ये उघडले. अकरा मजले, काच आणि पोलादाच्या जाळीत गुंडाळलेला वेडावाकडा आकार. छायाचित्रात हाच आकार येतो. माझ्या मते तिथला मोठा शोध मात्र आत आहे. मोठ्या ग्रंथालयाची जुनी डोकेदुखी अशी: पुस्तके विषयवार लावलेली असतात, एखाद्या विषयाची पुस्तके वाढतात, मजला संपतो आणि मग अर्धा विषय वरच्या मजल्यावर किंवा तळघरात हलवावा लागतो. वाचक तुटलेल्या धाग्याच्या टोकाशी उभा राहतो. सिअॅटलमध्ये माहितीपर पुस्तकांचा सगळा संग्रह चार मजल्यांवरून वळत जाणाऱ्या एकाच सलग, सौम्य उतारावर लावला आहे. विषयांना क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाचे आकडे जमिनीवर लिहिलेले. शून्यापासून सुरुवात करून माणूस चालत, चाकाच्या खुर्चीवरून किंवा बाळाची गाडी ढकलत ९९९ पर्यंत जाऊ शकतो. इथे वर्गीकरणच वाट झाले आहे. याच इमारतीत बाहेर पडण्याचा रस्ता सापडत नाही, अशी तक्रार सुरुवातीपासून झाली आणि ती खोटी नव्हती. वेगवेगळे जिने आणि सरकते जिने पाहुण्याला गोंधळात टाकतात. तरीही या प्रकल्पाचे मोल ठरवताना आणखी एक गोष्ट विसरू नये. शहराच्या मतदारांनी १९९८ मध्ये ज्या १९ कोटी ६४ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, ते या एका इमारतीसाठी नव्हते. त्यातून वस्त्यावस्त्यांतल्या शाखाही बांधल्या, वाढवल्या गेल्या. मध्यवर्ती इमारत जगप्रसिद्ध झाली, पण घराजवळच्या शाखांसकट संपूर्ण योजना हीच खरी रचना होती.

हेलसिंकीचे ओदी ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ ला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला सुरू झाले. त्याच्या आराखड्यासाठीच्या स्पर्धेत ५४४ प्रवेशिका आल्या होत्या. काम एएलए या स्थानिक संस्थेला मिळाले. जागा संसदेच्या समोरची, आणि तिच्याखालून पुढे कधीतरी बोगदा जाईल हे गृहीत धरायचे होते. म्हणून इमारत पुलासारखी बांधली: शंभर मीटरहून लांब पोलादी कमानींवर तोललेली, त्यामुळे तळमजला खांबांविना मोकळा. तिथे चित्रपटगृह, उपाहारगृह आणि हिवाळ्यात सहज शिरता येईल असा बंदिस्त चौक. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमितीय छपाईयंत्रे, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, गटांना बसायच्या जागा. पुस्तके सगळ्यात वर, साधारण एक लाख, बुटक्या पांढऱ्या मांडण्यांवर; एका टोकाला उभे राहिले तरी दुसरे टोक दिसते. छत ढगासारखे वरखाली होते आणि त्यात गोल झरोके आहेत. आल्तोंचा वारसा तिथे उघड आहे. वरच्या मजल्याचा सज्जा समोरच्या संसदेच्या प्रवेशद्वाराच्या पातळीला आणला आहे. नागरिक आणि त्याचे प्रतिनिधी एका उंचीवर, हा हेतू फिनलंडच्या ग्रंथालय कायद्याशी जुळतो. त्या कायद्यात वाचनाबरोबर लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही ग्रंथालयाची उद्दिष्टे म्हणून लिहिलेली आहेत.

ओदीवर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. १७ हजारांहून अधिक चौरस मीटरच्या इमारतीत पुस्तकांना एकच मजला, मग याला ग्रंथालय का म्हणायचे? शिवणयंत्राची जागा समाजमंदिरात असावी, आणि वाचकाला हवी ती शांतता अशा ठिकाणी कुठून मिळणार? यातला पहिला भाग मला पटत नाही. ओदीचा वाचक एक लाख पुस्तकांपुरता मर्यादित नाही. हेलसिंकी आणि शेजारच्या शहरांतल्या ग्रंथालयांचा साठा सामायिक आहे आणि मागितलेले पुस्तक तिथे येते. शहराच्या मध्यभागातली महागडी जागा क्वचित उघडल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या साठवणीसाठी न वापरता माणसांसाठी वापरली, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. शिवणयंत्राचेही तसेच. छापलेले पुस्तक एकेकाळी एकट्यादुकट्याला परवडत नव्हते, म्हणून ते सगळ्यांनी मिळून घेतले. आज जे एकेकट्याला परवडत नाही ते मिळून घेणे ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे. शांततेचा मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. मोकळे, उंच, एकमेकांत मिसळलेले मजले छायाचित्रात सुंदर दिसतात आणि त्यांतून आवाज सगळीकडे पोचतो. तळाशी गोंगाट, मध्ये काम, वर वाचन अशी ओदीने केलेली उभी वाटणी हे त्यावरचे एक उत्तर आहे. चांगल्या रचनेत शांततेला दरवाजा असतो. ज्या नव्या ग्रंथालयांत तो नाही, तिथे वाचकाची तक्रार रास्त आहे, आणि तिला जुनाट म्हणून उडवून लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. चीनमधल्या त्येनचिन शहराचे बिनहाई ग्रंथालय २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उघडले आणि त्याची चित्रे काही दिवसांत जगभर फिरली. एमव्हीआरडीव्ही या डच संस्थेने मधोमध एक चमकता गोल ठेवला आणि त्याच्याभोवती लाटांसारख्या पायऱ्या छतापर्यंत नेल्या. त्या पायऱ्या म्हणजेच पुस्तकांच्या फळ्या. जवळून पाहिल्यावर कळते की वरच्या फळ्यांवर पुस्तके नाहीत. तिथे पुस्तकांच्या कण्यांची चित्रे छापलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. मूळ आराखड्यात त्या फळ्यांमागे खोल्या होत्या आणि तिथून हात घालून पुस्तक काढता येणार होते. बांधकाम घाईने उरकायचे ठरले, मागच्या खोल्या रद्द झाल्या, फळ्या मात्र राहिल्या. हा दोष रचनाकारांच्या कल्पनेचा कमी आणि ती राबवणाऱ्यांच्या उतावळेपणाचा जास्त आहे, हे खरे. पण उतावळेपणाला जागा मिळाली कारण हात पोचण्याचा प्रश्न दृश्याच्या मानाने दुय्यम ठरला. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये स्टीव्हन हॉल यांनी केलेले हंटर्स पॉइंट ग्रंथालय २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उघडले. चार कोटी डॉलरहून अधिक खर्च, नदीकाठ, भिंतीत कोरल्यासारख्या भव्य खिडक्या. पहिल्या दिवशी कौतुकाचा पाऊस पडला. कथा-कादंबऱ्या मात्र एकावर एक चढत जाणाऱ्या गच्च्यांवर ठेवल्या होत्या आणि तिथे जायला फक्त जिना. लिफ्ट होती, पण ती या गच्च्यांवर थांबत नव्हती. चाकाच्या खुर्चीवरच्या वाचकाला, गुडघे धरलेल्या आजींना, बाळाला कडेवर घेतलेल्या बापाला कादंबरी हवी असेल तर कर्मचाऱ्याला सांगायचे आणि वाट पाहायची. क्लार्कनवेलला १८९४ मध्ये वाचक आणि पुस्तके यांच्या मधून जो काउंटर हटवला, तोच इथे पायऱ्यांच्या रूपाने परतला. दोन महिन्यांत प्रकरण न्यायालयात गेले आणि ती पुस्तके दुसरीकडे हलवावी लागली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली चूकही याच जातीची आहे: उघड्या पुस्तकांसारखे चार काचेचे मनोरे बांधून पुस्तके उन्हात ठेवली, वाचकांना खाली बागेच्या पातळीवर, आणि मग पुस्तके वाचवण्यासाठी काचेमागे लाकडी झडपा लावल्या.

यावर एक सबळ प्रतिवाद आहे. तो असा, की दृश्याचीही एक पोच असते. ज्या माणसाने कधी ग्रंथालयात पाऊल टाकले नाही त्याला आत ओढायचे तर इमारत साधी असून भागत नाही. गरीब वस्तीत तर मुळीच नाही. तिथे सुंदर इमारत हा आदराचा संदेश असतो. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. महापौर सेर्हिओ फाहार्दो यांच्या कारकिर्दीत, २००४ ते २००७ या काळात, हिंसाचाराने पोळलेल्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत उद्यान-ग्रंथालये बांधायला सुरुवात झाली. सांतो दोमिंगो वस्तीतले त्यांतले सर्वांत गाजलेले ग्रंथालय २००७ मध्ये उघडले: जांकार्लो माझांती यांनी केलेले, डोंगरावर रोवलेल्या तीन काळ्या शिळांसारखे, आणि तिथपर्यंत नेणारी शहर-वाहतुकीची केबल कार. हा प्रतिवाद मी अर्धाअधिक मान्य करतो. आजवर ज्यांच्या वाट्याला गळकी सरकारी खोलीच आली त्यांना देखणी इमारत देणे ही उधळपट्टी नाही. पण त्याच इमारतीच्या बाह्य आवरणात काही वर्षांतच दोष निघाले, ती आधी आच्छादावी आणि मग बंद करावी लागली, आणि सगळ्यात जास्त गरज असलेली वस्ती वर्षानुवर्षे ग्रंथालयाविना राहिली. त्याच योजनेतली कमी गाजलेली ग्रंथालये मात्र चालू राहिली. दृश्याने माणूस दारापर्यंत येतो. दार उघडे राहिले नाही तर त्या आदराचे रूपांतर अपमानात व्हायला वेळ लागत नाही.

दार उघडे राहणे ही गोष्ट वास्तुरचनेच्या चर्चेत येत नाही आणि ती यायलाच हवी. बर्मिंगहॅमचे नवे ग्रंथालय ३ सप्टेंबर २०१३ ला मलाला युसुफझाईच्या हस्ते उघडले. फ्रान्सीन हाउबेन यांच्या मेकानू संस्थेची रचना, गुंफलेल्या धातूच्या कड्यांचे आवरण, सुमारे १९ कोटी पौंड खर्च. दोन वर्षांच्या आत, २०१५ मध्ये, आठवड्याचे ७३ तास ४० वर आले आणि निम्म्याहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे ठरले. पुढे वेळ पुन्हा वाढवली गेली, तरी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या नगरपालिकेने आपली तिजोरी रिकामी असल्याचे जाहीर केले आणि संकट शाखांपर्यंत पोचले. कार्नेगींच्या अटी इथे आठवतात. गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करायची, असे लिहून दिल्याशिवाय पैसे मिळत नसत. काही गावांनी या अटीमुळे देणगी नाकारली. अट कडक होती, पण ती इमारतीच्या आराखड्याइतकीच रचनेचा भाग होती.

एवढा खटाटोप कशासाठी, सगळे फोनवर मिळते की, असे आजकाल सर्रास म्हटले जाते. फोनवर माहिती मिळते. बसायला जागा मिळत नाही, शांतता मिळत नाही, आणि अर्ज भरताना अडलेल्या माणसाला विचारायला माणूस मिळत नाही. डेन्मार्कच्या ऑरहूस शहराने २०१५ मध्ये उघडलेल्या डॉक१ ग्रंथालयात पासपोर्टपासूनच्या नागरी सेवा त्याच छताखाली आणल्या, कारण सरकारचा कारभार ऑनलाइन गेल्यावर मदतीची गरज वाढली. शहरातल्या रुग्णालयात मूल जन्मले की पालकांनी दाबलेल्या बटनाने या ग्रंथालयातली प्रचंड घंटा वाजते. ती कलाकृती आहे. पण नवा नागरिक आला की त्याची वर्दी ग्रंथालयात पोचावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

भारतात भव्य ग्रंथालयाचे उदाहरण शोधायचे तर चेन्नईला जावे लागते. १५ सप्टेंबर २०१० ला उघडलेले अण्णा शताब्दी ग्रंथालय बारा लाख पुस्तकांच्या क्षमतेचे आहे. सत्ता बदलल्यावर पुढच्याच वर्षी त्याचे बालरुग्णालय करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते वाचले. या इमारतीतली एक तरतूद आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे: स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळे दालन. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात संध्याकाळी जावे, खुर्च्या भरलेल्या असतात त्या स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी. पुण्यात तर महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणाऱ्या खासगी अभ्यासिकांचा धंदाच उभा आहे. ही मुले वाचकच नाहीत, अशी तक्रार जुने सभासद करतात. ही मुले ग्रंथालयाची पुस्तके वापरत नाहीत, फक्त पंखा आणि दिवा वापरतात, असे त्यांचे म्हणणे. मला ही तक्रार उलटी वाचावीशी वाटते. घरी दोन खोल्यांत सहा माणसे असलेल्या मुलीला बारा तास बसायला सुरक्षित जागा, चांगला उजेड, पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळणे ही ग्रंथालयाची पोच आहे. प्रश्न रचनेचा आहे: अभ्यासिकेला वेगळे दार, वेगळ्या वेळा, आणि तिथून देवघेव विभागाकडे जाणारी वाट पुस्तकांच्या मधून काढलेली. तेवढे केले तर परीक्षेच्या पुस्तकावरून उठलेला हात कधीतरी कवितासंग्रहाकडेही जाईल.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तमिळनाडूसारखी ग्रंथालय कराची तरतूद त्यात नाही. सगळी मदार सरकारी अनुदानावर. राज्यातल्या हजारो अनुदानित ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी आहे आणि ड वर्गातले ग्रंथालय म्हणजे बहुधा एक खोली, काही कपाटे आणि तुटपुंज्या मानधनावरचा एक माणूस. कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून आहे. अशा स्थितीत वास्तुरचनेच्या गोष्टी म्हणजे चैन, असे कोणी म्हणेल तर त्याला उत्तर द्यायला हवे. चांगली रचना महागच असते हा समज चुकीचा आहे, आणि एका खोलीच्या ग्रंथालयाला तर रचनेची गरज सर्वांत जास्त आहे. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात एसएचएयू या संस्थेने २०१६ मध्ये फक्त १६० चौरस मीटरचे बिमा सूक्ष्म-ग्रंथालय केले. भिंती आइस्क्रीमच्या सुमारे दोन हजार वापरलेल्या डब्यांच्या: बंद डब्यांतून मंद उजेड येतो, तळ कापलेल्या डब्यांतून वारा. वातानुकूलन नाही. इमारत खांबांवर उचललेली असल्याने खालची सावली वस्तीला कार्यक्रमांसाठी उरते. आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच दमटपणा. काचेच्या पेट्या बांधून वर वीजबिलाची चिंता करण्यापेक्षा हा धडा आपल्या कामाचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगावजवळ एका शाळेच्या आवारात समीप पाडोरा यांच्या संस्थेने २०१८ मध्ये माया सोमय्या ग्रंथालय बांधले. ते सार्वजनिक नाही, शाळेचे आहे. तरी या चर्चेत त्याची जागा पक्की आहे. छत म्हणजे पातळ विटांच्या थरांचे एक लवलेले कवच, कॅटलान पद्धतीने रचलेले. संगणकावर आकार असा शोधला की कवचावरचा सगळा भार दाबानेच जमिनीत उतरतो, त्यामुळे एवढ्या पातळ विटा पुरतात. कवच जमिनीतूनच उगवते, म्हणून मुले एका बाजूने त्यावर चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात. खेळाचा रस्ता ग्रंथालयावरून जातो आणि धावता धावता आत डोकावता येते. वीट आपल्याकडच्या भट्टीची, हिशेब आजच्या संगणकाचा. आत मांडण्या बुटक्या, मुलांच्या उंचीच्या.

भिलारचा प्रयोग याच्या दुसऱ्या टोकाचा. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या या गावाला ४ मे २०१७ ला पुस्तकांचे गाव म्हणून घोषित केले गेले; राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तके पुरवली आणि सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत ती मांडली. नवी इमारत एकही बांधली नाही. कुणाच्या तरी ओसरीवर बसून वाचायचे, मुक्तद्वार पद्धतीचे याहून मोकळे रूप नाही. पर्यटकांचे आकर्षण म्हणून त्यावर टीका होते, आणि गावात राहणाऱ्या वाचकाला त्यातून काय मिळाले हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तरी अंतराची पोच वाढवायला इमारत लागतेच असे नाही, हे भिलारने दाखवले. डोंगराळ तालुक्यांत, आदिवासी पाड्यांवर हाच प्रयोग पर्यटकांना वगळून करता येईल: दर महिन्याला बदलणारी पुस्तके, सांभाळणाऱ्या घराला नियमित मानधन, तालुक्याच्या ग्रंथपालाची फेरी. बडोद्याच्या पेट्या याच तत्त्वावर चालत.

आपल्याकडे ग्रंथालय बांधायचे ठरले की खासदार निधी, आमदार निधी किंवा नगरपालिकेचा ठराव यांतून इमारतीची रक्कम उभी राहते. निविदेत चौरस फूट असतात, दर्शनी भागाचे चित्र असते, कोनशिलेची जागा असते. मांडणीची उंची नसते, रॅम्पचा उतार नसतो, पश्चिमेच्या उन्हाचा आणि पावसाच्या झोताचा विचार नसतो, वाळवीचा बंदोबस्त नसतो, आणि दार किती तास उघडे राहील व ते उघडायला कोण येईल हेही नसते. ग्रंथपालाला आराखडा दाखवला जातो तो बहुधा पाया भरल्यावर. ही पाच-सहा कलमे निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही. चालवण्याच्या खर्चाची वार्षिक तरतूद इमारतीच्या मंजुरीच्याच ठरावात लिहायची, एवढी अट नगरपालिका आणि जिल्हा नियोजन समित्या आपल्या अधिकारात आजही घालू शकतात.